श्वासनळीतले पहारेकरी

आमचे घर भोकरला, नांदेडहून निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. ट्रक रात्रंदिवस धावतात. धाकटा भाऊ अंगणात झोपला, की पहाटे त्याची छाती सूं-सूं वाजू लागे. शेजारी म्हणत, "धुराने छाती भरली."

डॉक्टरांनी अब्बांना निराळेच सांगितले. डिझेलच्या धुरातील बहुतेक कण २.५ मायक्रोमीटरहून लहान असतात; आपला केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड! नाक त्यांना अडवू शकत नाही. ते आत पोचले, की शरीराच्या पहारेकरी पेशी त्यांना शत्रू समजून धावून येतात. या झुंजीत श्वासनळीचे अस्तर सुजते, कफ वाढतो, वाट अरुंद होते. म्हणजे दम लागतो तो आपल्याच पहारेकऱ्यांमुळे! मला तर त्यांचा रागच आला.

अम्मीने भावाची खाट मागच्या खोलीत हलवली. सूज उतरवणारा पंप त्याला रोज ओढावा लागतो, बरे वाटत असले तरीही.

"आज छाती वाजत नाही, आपा. मग पंप कशाला?" तो विचारतो.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांच्या धुराचे नियम कडक झाले. जुने ट्रक मात्र अजून आमच्या दारावरून जातात. मी पंप त्याच्या हातात देते.