मराठीतला अर्ज

उर्दू शाळेतली शिक्षिका म्हणजे मोहल्ल्याची अर्जनवीस. रेशनकार्ड, दाखला, वीजबिल, काहीही असो, बायका संध्याकाळी येतात. "आपा, जरा मराठी में लिख देव ना." तुरुंगाधिकाऱ्यांना अर्ज कसा लिहायचा हे मात्र मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. ते एका रिक्षावाल्याच्या बायकोमुळे शिकले.

तिचा नवरा कच्चा कैदी. साखरेचा जुना पेशंट, दोन वेळा इन्सुलिन. मुलाखतीच्या दिवशी ती बर्फाच्या थर्मासमधून इंजेक्शनं घेऊन गेली. फाटकावर परत केली. बाहेरचं औषध आतल्या डॉक्टरांच्या किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय चालत नाही म्हणाले. नियम मलाही समजतो, औषधाच्या नावाखाली काहीही आत जाईल. पण परवानगी येईपर्यंत साखर थोडीच थांबते? चौथ्या रात्री त्याला उलट्या, धाप. बराकीतल्यांनी आरडाओरडा केला, तर पहारेकरी म्हणाला, "नाटकं करतोय." सकाळी डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं, तर सोबत जायला पोलीस गार्ड नाही. गार्ड मिळाला दुसऱ्या दिवशी दुपारी. वाचला, अल्लाहचं करम.

घरी कुणाला कळ आली तर शेजारचा झोपेतून उठून रिक्षा काढतो. पुरावा मागत नाही. कोठडीतलं दुखणं आधी दुसऱ्याला पटावं लागतं, आणि तो दुसरा माणूस संशय घेण्याचाच पगार घेतो.

कायदा नाही असं नाही. जखमीवर आधी उपचार करा, पोलिसी सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली अटकेतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५६व्या कलमात आरोपीच्या प्रकृतीची काळजी हे ताब्यात ठेवणाऱ्याचंच कर्तव्य म्हटलंय.

आणि तरी फादर स्टॅन स्वामी. वय ८३, पार्किन्सन्सने हात थरथरणारे. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक होऊन तळोजा तुरुंगात. पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून नोव्हेंबरात त्यांनी कोर्टात अर्ज केला, तर तपास यंत्रणेने उत्तराला २० दिवस मागितले. मे २०२१च्या अखेरीस हायकोर्टाच्या आदेशाने इस्पितळात हलवलं. ५ जुलैला, जामिनाचं प्रकरण कोर्टापुढे असतानाच, ते गेले. त्यांच्यामागे नामांकित वकील होते. आमच्या गल्लीतल्यांमागे मी आणि माझं बॉलपेन.

मेल्यावर मात्र धावपळ होते. कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत मानवी हक्क आयोगाला द्यावी लागते, १९९३पासूनचा आदेश आहे.

आता मी अर्जात "प्रकृती बिघडली आहे" असं लिहीत नाही. त्रास काय, कधीपासून, शेवटचं इंजेक्शन कोणत्या वेळी, सगळं लिहिते. जुनी चिठ्ठी जोडते, दोन प्रती करते. बायकांना बजावते, "आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या, तारखेखाली वेळही लिहून मागा." शिक्का मिळतो. वेळ अजून कुणी लिहून दिलेली नाही.