ग्रहण, सुरी आणि बाळाचा ओठ

२५ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सूर्यग्रहण होते. आमच्या मोहल्ल्यातल्या एका गरोदर सुनेला त्या दिवशी दुपारपासून खोलीत बसवून ठेवले होते. सुरी धरायची नाही, सुपारी कातरायची नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो! हा समज सगळ्या वस्त्यांत आहे, तसा आपल्याकडेही आहे. पण आपल्याकडे तो असायला नको होता. हजरत पैगंबर (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशीच ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, त्याच्या जाण्यामुळेच सूर्य झाकोळला. पुत्रशोकातही पैगंबरांनी (स.) ते मानू दिले नाही. कुणाच्या मरणाशी वा जन्माशी ग्रहणाचा संबंध नाही, अशा वेळी नमाज पढा, असे सांगितले. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे.

डॉक्टरांचे म्हणणेही साधे आहे. गर्भात चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतात. ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. म्हणजे सहाव्या महिन्यात ग्रहण आले आणि सुनेने कांदा चिरला, तरी बाळाचा ओठ केव्हाच तयार झालेला असतो. तरीही मूल तसे जन्मले की पहिला सवाल तिलाच: ग्रहणात काय केलेस?

मग जुळणी राहते का? बहुतेक वेळा एकच कारण बोटाने दाखवता येत नाही. घराण्यात आधी कुणाला असेल तर शक्यता वाढते. आईचे बिडी-सिगारेट ओढणे, आणि घरातल्या पुरुषांनी सोडलेला धूरही. (सवाल विचारायचाच तर तो त्यांनाही विचारावा.) मिश्री म्हणजे तंबाखूच, तीही सोडलेली बरी. दिवस जाण्याआधीपासूनचा मधुमेह. फिट्सवरची व्हॅल्प्रोएट, टोपिरामेट ही औषधे. मात्र ती मनाने बंद करू नयेत, मूल हवे असेल तेव्हा आधीच डॉक्टरांना विचारावे. फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही दिवस राहण्याआधीच सुरू करायची असते, आपण ती तिसऱ्या महिन्यात आणतो.

एक गोष्ट आपल्यात बोलायला जड जाते. चुलत-मावस भावंडांच्या निकाहांत हा दोष जास्त आढळल्याचे अनेक अभ्यास सांगतात. असा निकाह जायज आहे, पण वाजिब कुणी केला? घराण्यात आधी असे मूल असेल तर नाते ठरवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

टाळू फाटलेल्या बाळाला दूध ओढता येत नाही. डोके वर धरून, काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजावे. ओठाची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांत, टाळूची साधारण वर्षाच्या सुमारास होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत आहे, स्माईल ट्रेनशी जोडलेल्या रुग्णालयांतही.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. ओठ वेळेवर शिवला, चेहरा छान दिसू लागला, म्हणून घरच्यांनी टाळू तशीच ठेवली. 'बे', 'पे' सगळे नाकातून येई, मुले हसत, तो वाचायला उठेचना. टाळू शिवली ती दहाव्या वर्षी. आता दर आठवड्याला वडील त्याला स्पीच थेरपीला नेतात. 'बे' नीट येते, 'पे' अजून अडते.