कुंडलिकेच्या मुखाशी

रेवदंड्याहून साळावच्या पुलावर गाडी आली की कोर्लईचा किल्ला पाहायची सगळ्यांना घाई होते. ओहोटी असेल तर जरा काठच्या चिखलाकडेही पाहा. बोटबोटभर खुंट वर आलेले दिसतील. ही तिवराची श्वासमुळे. उन्हात त्याच्या पानांवर मिठाचे कण चमकतात. नको असलेले मीठ झाड असे बाहेर टाकते.

हीच कुंडलिका वर रोहे-धाटावच्या रासायनिक कारखान्यांपाशी वाहते. सांडपाण्यातून जस्त, तांबे, शिसे नदीत आले, तर ते गाळाला चिकटून खाडीत उतरते. तिवराची मुळे चिखलात थोडा प्राणवायू सोडतात, त्याने मुळांवर लोखंडी गंजाचा पातळ थर चढतो आणि बरेचसे धातू तिथेच अडकतात. आत शिरले तरी बहुतेक मुळांतच राहतात. पानांपर्यंत थोडेच पोचतात. घरातल्या आजीबाईंनी किल्ली कनवटीला लावावी, तसा हा कारभार!

पण भरावासाठी तिवरे तोडली, चिखल उपसला, त्याला वारा लागला, की गाळात बांधलेले धातू पुन्हा पाण्यात सुटतात. तिथून कालवांत, खेकड्यांत. आणि मग कोळणीच्या पाटीतून आपल्या स्वयंपाकघरात.