फाउल

सुरुवातीलाच एक कबुली. कॉलेज मॅगझिनच्या मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमधलं. शाळेच्या आवारात मराठी बोलताना सापडलं की दोन रुपये दंड! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं काही खरं नाही, संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण ही गोष्ट मराठीतच सांगणं भाग आहे.

तर झालं असं. टी.ई.च्या सेमिनारचा दिवस. माझ्या रूमपार्टनरचा विषय होता, पक्ष्यांचं उडणं आणि विमानाचे पंख. हा मराठवाड्यातल्या एका खेड्यातला, दहावीपर्यंत झेडपीच्या शाळेत शिकलेला. 'मतलब'ला 'मतबल' म्हणतो आणि 'नुकसान'ला 'नुस्कान'. ड्रॉइंगमध्ये मात्र वर्गात त्याचा हात धरणारा कोणी नाही. माझ्या निम्म्या शीट्स त्याच्या शीट्सवरून जीटी मारलेल्या आहेत (सर, प्लीज हे वाक्य वाचू नका). पण इंग्रजीत उभं राहून बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. पाच रात्री जागून त्याने सगळं पाठ केलं होतं. समोर गेला, घसा खाकरला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "एव्हरी फाउल इज अ गुड इंजिनिअर."

'बर्ड'च्या जागी 'फाउल'! त्याच्याकडे आजोबांच्या वेळची, पुठ्ठा निघालेली एक डिक्शनरी आहे. त्यात पक्ष्यासाठी दोन शब्द दिले होते. त्याने त्यातला जास्त भारदस्त वाटला तो घेतला. झालं! मागच्या बाकावरून एक जण कबड्डीच्या पंचासारखा ओरडला, "फाउल! फाउल!" अख्खा वर्ग फुटला. सरसुद्धा हसले. तो पुढचं सगळं विसरला आणि चौथ्या मिनिटाला खाली मान घालून जागेवर येऊन बसला.

ओरडणारा मी होतो.

त्या रात्री मेसमध्ये तो माझ्या टेबलावर आला नाही. रूमवर आल्यावर एवढंच म्हणाला, "डिक्शनरीत लिवलंय ते. मग डिक्शनरी खोटी का?" मी म्हटलं, "अरे, फाउल म्हणजे कोंबडी-बिंबडी. उद्या लायब्ररीत दाखवतो तुला." सॉरी म्हणायचं सोडून मी त्याला पुरावा द्यायला निघालो होतो!

दुसऱ्या दिवशी रेफरन्स सेक्शनमधून शब्दांच्या जन्मकथा सांगणारी एक जाडजूड डिक्शनरी काढली. पान उघडलं आणि मीच गार पडलो.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पक्ष्याला सर्वसाधारण शब्द होता 'फुगोल'. गरुड फुगोल, चिमणी फुगोल, कोंबडीही फुगोल. त्याचाच पुढे झाला 'फाउल'. जर्मन भाषेत आजही कुठल्याही पक्ष्याला 'फोगल' म्हणतात. आणि आमचा लाडका 'बर्ड'? तो तेव्हा होता 'ब्रिड', आणि त्याचा अर्थ होता पिल्लू! घरट्यात चोच वासून बसलेलं पिल्लू. पुढे लोक पिल्लाचाच शब्द मोठ्या पक्ष्यांनाही लावायला लागले आणि फाउल बिचारा मागे सरकत सरकत खुराड्यात जाऊन बसला. बरं, 'ब्रिड'चा 'बर्ड' कसा झाला? बोलता बोलता लोकांनी आवाजांची अदलाबदल केली म्हणून. 'मतलब'चं 'मतबल' होतं ना, अगदी तसंच. म्हणजे ज्या बोलण्याला आम्ही तीन वर्षं हसत आलो, त्याच रीतीने घडलेला शब्द मी रोज ऐटीत वापरत होतो!

चौदाव्या शतकाच्या शेवटाकडे चॉसर नावाच्या मोठ्या इंग्रज कवीने पक्ष्यांच्या सभेवर एक दीर्घ कविता लिहिली. तिचं नाव 'पार्लमेंट ऑफ फाउल्स'. व्हॅलेंटाइनच्या दिवशी सगळे पक्षी जोडीदार निवडायला जमतात. एका गरुडिणीच्या मागे तीन गरुड लागतात, प्रचंड वादावादी होते आणि शेवटी ती विचार करायला एक वर्ष मुदत मागून घेते. (हॉस्टेलमधल्या काही जणांना हे ओळखीचं वाटेल. नावं घेत नाही.) गरुड काय, बदक काय, त्या सभेतले सगळे फाउलच.

आणि सगळ्यात लाज वाटली ती पुढे. आमच्या मॉरल सायन्सच्या टीचर बायबलचं १६११ सालचं जुनं इंग्रजी भाषांतर वाचून दाखवायच्या. त्यात आकाशातल्या पाखरांना 'फाउल्स' हाच शब्द आहे. मी तो लहानपणी कित्येकदा ऐकला होता. दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढून जे माझ्या लक्षात राहिलं नाही, ते पुठ्ठा निघालेल्या डिक्शनरीतून त्याला मिळालं.

खरं तर इथेच पुस्तक मिटून रूमवर जायला हवं होतं. पण तेवढी हिंमत नव्हती. म्हणून पी.एल.मध्ये थर्मोचं पुस्तक समोर ठेवून मी पाखरांचेच शब्द शोधत बसलो.

तेव्हा एक गोष्ट कळली जी शाळेत कोणी सांगितली नव्हती. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर कित्येक पिढ्या दरबाराची भाषा फ्रेंच आणि विद्वानांची भाषा लॅटिन. इंग्रजी कोणाची? नांगर धरणाऱ्याची, खुराडं झाडणाऱ्याची. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या काळी इंग्रजी हेच व्हर्नाक्युलर मीडियम होतं!

ते शब्दांतही दिसतं. 'हॉक' हा जुना गावठी शब्द, तर 'फाल्कन' फ्रेंचमधून आलेला. ससाणे पाळून शिकार करणं हा बड्या लोकांचा शौक. १४८६ साली छापलेल्या 'बुक ऑफ सेंट आल्बन्स'मध्ये तर यादीच आहे. राजाला कोणता शिकारी पक्षी शोभतो, सरदारीण बाईंना कोणता, पाद्र्याला कोणता! त्याच पुस्तकात थव्यांची नावंही आहेत. चंडोलांच्या थव्याला हर्षाने उंच जाण्यावरून 'एक्झाल्टेशन'. आपल्या साळुंकीच्या नात्यातले जे स्टार्लिंग, त्यांच्या थव्याला कुजबुजीवरून 'मर्मरेशन'. आणि कावळ्यांच्या थव्याला चक्क 'मर्डर'. आता मेसच्या मागे रोज संध्याकाळी जो मर्डर भरतो त्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

पिसं झडण्याला फ्रेंचवरून आलेला शब्द होता 'म्यू'. म्हणून पिसं झडायच्या दिवसांत ससाणे ज्या जागी ठेवत ती 'म्यूज'. लंडनमध्ये राजाच्या ससाण्यांची अशीच एक जागा होती. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३४ साली, राजाच्या घोड्यांचे तबेले जळाले म्हणून घोडे तिथे आणून बांधले. ससाणे गेले, घोडे आले, नाव तेच राहिलं. राजवाड्याच्या तबेल्याला अजूनही 'रॉयल म्यूज'च म्हणतात. शब्दाचा अर्थ चुकला म्हणून तिथे कोणी शिट्टी वाजवली नाही.

पण मला सगळ्यात आवडली ती अंड्याची गोष्ट. इंग्लंडमध्ये छपाई सुरू करणाऱ्या कॅक्स्टनने ती १४९० साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. काही व्यापारी गलबतातून निघाले होते. वारा पडला म्हणून केंटच्या किनाऱ्यावर उतरले. त्यातल्या एकाने एका घरी जाऊन बाईंकडे 'एग्ज' मागितली. बाई म्हणाल्या, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसऱ्या कोणीतरी 'आयरेन' मागितली, तेव्हा बाईंना कळलं. दोघंही इंग्रजच. 'आयरेन' हा जुना इंग्रजी शब्द, आणि 'एग' हा आठव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडवर स्वाऱ्या करून पुढे तिथेच वस्ती केलेल्या व्हायकिंग लोकांचा. पाचशे वर्षांपूर्वी बरोबर इंग्रजी कुठलं, हे इंग्रजांचंच ठरलं नव्हतं. मग आम्ही कोण पंच?

'विंग'सुद्धा व्हायकिंगांचाच. त्याआधी इंग्रज लोक पंखांना 'फेदर' म्हणूनच भागवायचे. हा 'फेदर' तर आपला दूरचा नातेवाईक निघाला. संस्कृतमधला 'पत्' म्हणजे उडणे, त्यावरून आपला पतंग. त्याच मूळ धातूवरून तिकडे फेदर. ग्रीकमध्ये त्याचाच 'प्टेरॉन' म्हणजे पंख झाला, आणि तो हेलिकॉप्टरच्या शेपटाला येऊन चिकटला.

आता आपल्या सिलॅबसवर येतो. विमानावरची चार बलं सगळ्यांना पाठ आहेत. लिफ्ट, ड्रॅग, थ्रस्ट आणि वेट. मला वाटायचं, हे कुठल्या तरी चष्मेवाल्या शास्त्रज्ञाने घडवलेले शब्द असणार. छे! व्हायकिंगांच्या बोलीत 'लोप्ट' म्हणजे हवा. हवेत उचलायचं ती लिफ्ट. जर्मनमधला हवेसाठीचा 'लुफ्त' याच कुळातला. थ्रस्ट म्हणजे ढकलणं, ड्रॅग म्हणजे ओढणं, वेट म्हणजे वजन. चारही शब्द विमान उडायच्या कित्येक शतकं आधी गाडी ढकलणाऱ्या आणि पोती उचलणाऱ्या माणसांच्या तोंडी होते. ज्या इंग्रजीला घाबरून माझा रूमपार्टनर रात्र रात्र जागला, ती मुळात त्याच्याच गावासारख्या गावांत वाढलेली.

शेवटी एक आपल्याच लाइनचा माणूस. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या माल्म्सबरीच्या मठात आयल्मर नावाचा एक साधू होता. त्याने हातापायांना पंख बांधून उंच मनोऱ्यावरून उडी घेतली. गडी एक फर्लांगभर, म्हणजे सुमारे दोनशे मीटर हवेत तरंगत गेला! मग वाऱ्याने आणि भीतीने गडबडला, कोसळला आणि दोन्ही पाय मोडून जन्माचा लंगडा झाला. ही हकिकत त्याच मठातल्या विल्यम नावाच्या साधूने शंभरहून जास्त वर्षांनी लिहिली. तो सांगतो, आयल्मरने पडण्याचा दोष ना वाऱ्याला दिला ना देवाला. तो म्हणायचा, मागच्या बाजूला शेपटी लावायची मीच विसरलो. फेल्युअर ॲनॅलिसिस आणखी कशाला म्हणतात? शेपटीला तेव्हा इंग्रजीत एक शब्द होता 'स्टेओर्ट'. तो आता एका पाखराच्या नावात उरलाय. लाल शेपटीचं म्हणून 'रेडस्टार्ट'. हिवाळ्यात आपल्याकडे येतो तो थिरथिरा याच जातीचा. इंग्रजांनी शेपटीचा रंग पाहिला, आपण तिचं थरथरणं पाहिलं.

आयल्मरचं वाचून झालं आणि पुस्तक मिटलं. स्वतःचे पाय मोडून घेतलेला माणूस चूक कबूल करतो, आणि मला दोन पावलांवरच्या कॉटपर्यंत जाता येईना!

त्या रात्री लाइट गेले होते. अंधारात बोलणं सोपं जातं. सगळं सांगितलं. फुगोल, ब्रिड, चॉसर, अंडी, आयल्मर. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मतबल मी बरोबर होतो?"

"शब्द जुना होता. पण चूक नव्हता," मी म्हटलं. "आणि सॉरी यार. ओरडलो तो मीच."

"म्हाईत हाय. आवाज वळखतो की तुझा." पुन्हा थोडा वेळ गेला. "पर हसलास सगळ्यांसमोर, आन् सांगतोस अंधारात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुठल्याच डिक्शनरीत नव्हतं.

म्हणून हा लेख. त्या दिवशी जे हसले त्यांतले बहुतेक जण हे मॅगझिन वाचतात, मेसमध्ये मोठ्याने वाचून दाखवतात. तर सगळ्यांसमोर सांगतो. पक्ष्यासाठीचा 'फाउल' आणि खेळातला 'फाउल' हे इंग्रजीत मुळात दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्याचा जुना अर्थ घाण, कुजकं. पुढे दोघांचा उच्चार सारखा झाला, एवढंच. सेमिनारच्या दिवशी वर्गात दोन्ही ऐकू आले. पहिला त्याचा होता आणि दुसरा माझा.

त्याचा सेमिनार सरांनी पुन्हा ठेवलाय. पहिलं वाक्य बदलणार नाही म्हणतो. मी पहिल्या बाकावर बसणार आहे.