कार्सचे आशिक

अंकाराहून पूर्वेकडे निघणाऱ्या आगगाडीत आपण बसलात, तर कायसेरी, सिवास, एर्झुरुम अशी शहरे मागे टाकीत ती सुमारे एका अहोरात्रीने आपणांस कार्सला पोहोचवील. तुर्कस्तानच्या ईशान्य कोपऱ्यातील हे शहर १,७०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. डोंगरावर जुना किल्ला, खाली काळ्या दगडांची घरे. त्यांतील कित्येक १८७८ ते १९१८ या रशियन अमलाच्या काळातील. हिवाळा येथे फार लांबतो. बर्फ पडले की शेतकऱ्याच्या हाताला काम उरत नाही आणि रात्री तर संपता संपत नाहीत. त्या रात्री येथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या कहवाखान्यात बसून आशिकांच्या तोंडच्या कथा ऐकत काढल्या.

आशिक म्हणजे प्रेमिक, हे आपल्याला ठाऊक आहे. तुर्की लोक तोच शब्द गावोगाव हिंडणाऱ्या कविगायकालाही लावतात. यामागे एक मनोहर समजूत आहे. झोपी गेलेल्या तरुणाच्या स्वप्नात कोणी वृद्ध सत्पुरुष येतो, त्याच्या हाती पेला देतो आणि दूरदेशीच्या एका युवतीचे मुख दाखवितो. तरुण जागा होतो तो कवी होऊनच! कथेतल्या नायकाचे असे होते, आणि कथा सांगणारे कित्येक आशिकही स्वतःविषयी हेच सांगत आले आहेत.

त्यांचे वाद्य म्हणजे लांब मानेचा ‘साझ’. कथेचा गद्य भाग आशिक आपल्या शब्दांत रंगवितो. त्यात थट्टा येते, गावातल्या गोष्टी येतात, समोर बसलेल्या एखाद्याला टोलाही बसतो. पण नायकाचे हृदय भरून आले की, आता बोलून भागणार नाही, तारांवरच सांगतो, असे म्हणून तो साझ छेडतो. ही पदे मात्र सहसा बदलावयाची नसतात; ती नायकाचीच वाणी मानली जाते. रमजानमध्ये रोजा सुटल्यावर सुरू झालेली एकेक कथा अशी रात्रीमागून रात्री चाले.

या कथांत केरेम आणि अस्ली यांची कथा सर्वांच्या तोंडी आहे. केरेम हा मुसलमान राजपुत्र, तर अस्ली आर्मेनियन धर्मगुरूची कन्या. विवाह टाळण्यासाठी बाप मुलीला घेऊन गावोगाव पळतो आणि केरेम सोफू नावाच्या मित्रासह साझ घेऊन त्यांच्या मागे भटकतो. अस्लीची आई दात काढण्याचे काम करते, असे कळताच तो दात दुखत असल्याचा बहाणा करतो. अस्लीच्या मांडीवर डोके टेकावयास मिळावे म्हणून तो एकामागून एक चांगले दात उपटवून घेतो! (येथे कहवाखान्यात हशा पिकत असेल, आणि तो पिकलाच पाहिजे; कारण पुढे हसण्यासारखे काही नाही.) अखेर हलबच्या पाशाच्या धाकाने लग्न लागते. पण बापाने मुलीला मंतरलेला झगा घातलेला असतो; बटणे सोडावी तो ती पुन्हा आपोआप लागतात. पहाट होते. केरेम एक सुस्कारा सोडतो आणि त्यातून निघालेल्या ज्वाळेत जळून जातो. त्याची राख केसांनी गोळा करताना अस्लीही पेट घेते.

कार्सजवळच्या चिल्दिर भागातील आशिक शेनलिक (१८५०–१९१३) हे या परंपरेतले मोठे नाव. त्यांचे शिष्य गुलिस्तान, आणि गुलिस्तान यांचे पुत्र मुरात चोबानोलू (१९४०–२००५). मुरात यांचा कार्समध्ये स्वतःचा कहवाखाना होता. आशिकांमध्ये सवाल-जवाबाचे सामनेही रंगतात. त्यांतल्या एका प्रकारात ओठांमध्ये उभी सुई धरून गावयाचे असते. प, ब, म असे एकही ओष्ठ्य अक्षर आले की सुई टोचलीच! आपल्या दण्डीने ‘दशकुमारचरिता’त ओठ दुखावलेल्या मंत्रगुप्ताकडून एक सबंध उच्छ्वास ओष्ठ्यवर्णांवाचून वदविला आहे, त्याची येथे आठवण होते.

पण कथा जगते ती श्रोत्यांच्या बळावर. कार्सच्या उत्तरेस, जॉर्जियाच्या सीमेजवळ, पोसोफ हे गाव आहे. तेथे १९६७ साली लोकसाहित्याचे अभ्यासक इल्हान बाश्गोझ यांनी आशिक मुदामी यांच्याकडून एकच कथा दोन ठिकाणी ऐकली. एकदा कहवाखान्यात शेतकरी-कारागिरांसमोर, आणि एकदा शिक्षकांच्या सभेत. कहवाखान्यात ती फुलत गेली. शिक्षकांपुढे मात्र कसलेला मुदामी बिचकला. त्याने कथा आटोपती घेतली आणि पदेही गाळली. शब्द तेच, कथाही तीच. पण समोरून दाद देणारे कोणी नव्हते.

२००९ साली युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. व्यासपीठांवर आज आशिकांची गाणी आणि सामने ऐकावयास मिळतात, परंतु सबंध कथेला त्या तासा-दोन तासांत जागा होत नाही. आपण कार्सला गेलात तर सुईचा सामना अवश्य पाहा. पण एखाद्या वृद्ध आशिकाकडे केरेमची कथा पहिल्यापासून मागावयाची असेल, तर परतीचे तिकीट दोन-चार रात्री पुढचे काढा.