आपल्या बाजूने पिसलेली पानं

पत्त्यांच्या डावात कुणी आपल्याला फसवलं तर संताप येणं सोपं आहे. पण तीच लबाडी आपल्या फायद्याची निघाली तर? नॉर्मन ज्युइसनच्या १९६५ सालच्या ‘द सिनसिनाटी किड’ या चित्रपटाने मला हा प्रश्न दिला, आणि रायपुरात राहताना तो अधिकच टोकदार झाला.

मंदीच्या काळातलं न्यू ऑर्लिन्स. एरिक स्टोनर ऊर्फ ‘किड’ या तरुण पोकरपटूला, म्हणजे स्टीव्ह मॅक्वीनला, पैशापेक्षा पहिलं स्थान हवं आहे. ते आहे म्हाताऱ्या लॅन्सी हॉवर्डकडे. एडवर्ड जी. रॉबिन्सनने हा हॉवर्ड असा उभा केला आहे की तो आपली पानं कमी आणि समोरच्याचा चेहरा जास्त वाचतो. पाच पानांच्या या खेळात एक पान झाकलेलं, बाकीची सगळ्यांसमोर उघडी. सगळा खेळ त्या एका झाकल्या पानाचा आणि ते झाकणाऱ्या माणसाचा.

स्लेड नावाच्या धनिकाला हॉवर्डकडून झालेल्या पराभवाचा सूड हवा आहे. पानं वाटणारा शूटर हा किडचा जुना मित्र. स्लेड त्याला कर्जाचा धाक घालतो आणि किडला चांगली पानं द्यायला लावतो. किडच्या ते लक्षात येतं. गप्प राहिला असता तर इतकी वर्षं हवं असलेलं सगळं त्याच्या पदरात पडलं असतं. पण तो शूटरला बाजूला काढतो, जाब विचारतो, त्याला टेबलावरून उठायला लावतो, आणि पानं वाटायला त्याच्या जागी लेडी फिंगर्स ही बाई बसते. शेवटच्या डावात किडकडे तीन एक्के नि दोन दश्श्या. यावर मात करणारं पान क्वचितच लागावं. हॉवर्ड झाकलेलं पान उलटतो: चौकटचा गुलाम. आठपासून राणीपर्यंत सलग पाच पानं, सगळी चौकटची. किड सर्वस्व हरतो.

हा पराभव मला फार मोलाचा वाटतो. तो त्याचा स्वतःचा आहे. कुणाच्या कृपेने आलेला जय त्याला कधीच आपला म्हणता आला नसता.

छत्तीसगढात महाभारतातल्या द्यूताची गोष्ट ऐकायला पोथी उघडावी लागत नाही. पंडवानी या इथल्या कथागायनात ती गावोगाव उभी राहते. दुर्गजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी, ज्यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं, हातातल्या तंबुऱ्याची भीमाची गदा केली आणि महाभारत जगभर नेलं. त्या कथेत आपलं लक्ष नेहमी हरणाऱ्या युधिष्ठिराकडे आणि सभेत ओढून आणलेल्या द्रौपदीकडे जातं. जायलाच हवं. पण मला आता दुर्योधनाकडेही बघावंसं वाटतं. पैज लावली त्याने, फासे टाकले शकुनीने. एकाने दुसऱ्यासाठी खेळावं हे आपल्याला रास्त वाटत नाही, असं युधिष्ठिर तेव्हाच म्हणतो. दुर्योधन मात्र मामाच्या हाताबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण प्रत्येक दान त्याच्याच बाजूने पडत असतं. किडने जो प्रश्न शूटरला विचारला, तो दुर्योधनाने शकुनीला विचारला असता तर ती सभा घडलीच नसती.

जुगाराला मी निर्मळ ठरवत नाही. दिवाळीच्या दिवसांत इथे जागोजागी फड बसतात आणि किती घरांची लक्ष्मी त्यात जाते, हे रायपूरकरांना सांगायला नको. या व्यसनाचं सर्वांत खरं चित्र ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकात आहे. हरलेला संवाहक रिकाम्या देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे तिथेच डाव मांडतात, फाशांचा आवाज त्याच्या कानी पडतो आणि त्याला उभं राहवत नाही. मराठीत देवलांनी आणलेलं हे नाटक १९५८ मध्ये हबीब तन्वीर या रायपूरच्या सुपुत्राने छत्तीसगढी लोककलावंतांना घेऊन ‘मिट्टी की गाड़ी’ म्हणून रंगवलं. किडही व्यसनी आहे. सर्वस्व गेल्यावरही रस्त्यावरच्या बूटपॉलिशवाल्या पोराच्या आव्हानाला तो नाही म्हणू शकत नाही, आणि तिथेही हरतो. व्यसन त्याला सोडत नाही, तरी सचोटी तो सोडत नाही. एकाच माणसात या दोन गोष्टी नांदू शकतात, हे चित्रपट प्रामाणिकपणे दाखवतो.

पत्त्यांच्या टेबलाबाहेर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. छत्तीसगढ लोकसेवा आयोगाच्या २०२१ च्या परीक्षेत जवळच्यांची निवड झाल्याचे आरोप झाले आणि तपास सीबीआयकडे गेला. अशा बातम्या वाचून आपण चिडतो, कारण आपण स्वतःला युधिष्ठिराच्या जागी पाहतो. पण मुलाच्या प्रवेशासाठी ओळख लावणारा, रांगेत मागच्या दाराने पुढे जाणारा, चांगल्या पोस्टिंगसाठी शब्द टाकायला सांगणारा माणूस बसलेला असतो दुर्योधनाच्या जागी. मिळालेल्या पानांबद्दल तो चौकशी करत नाही. ज्याची पानं त्याच्यासाठी काढून घेतली गेली, तो मुलगा कुठेतरी रात्रभर अभ्यास करून नापास झालेला असतो, आणि आपण कमी पडलो असंच आयुष्यभर समजत राहतो. त्याचा पराभवसुद्धा त्याचा राहू दिलेला नसतो.

म्हणून आपल्या मुलांना जिंकायला शिकवण्याआधी एक गोष्ट शिकवायला हवी: नशीब अचानक फार उदार झालं, तर पानं कोण वाटतंय ते वळून बघ. वाटणारा आपला मित्र असेल, आपला काका असेल, आपला बाप असेल, तरी त्याला उठायला सांग. त्यानंतर हरलास तरी मान खाली घालू नकोस.