दुर्बिणीची किंमत आणि ‘हात लावू नका’ची पाटी



2023 च्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासिकेत मोठा वाद झाला. विषय आरक्षणाचा नव्हता की रिपब्लिकन ऐक्याचाही नव्हता. विषय होता दुर्बीण.

वस्तीतलेच एक बांधव अमेरिकेत नोकरीला आहेत. त्यांनी अभ्यासिकेला दुर्बीण भेट द्यायचं ठरवलं आणि त्यांच्या मनात भरली होती ‘क्वेस्टार’. ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ही अमेरिकन बनावटीची छोटी दुर्बीण 1954 पासून विकली जाते. तेव्हा ती 995 डॉलरला होती, आज नवी घ्यायची तर पाच हजार डॉलरच्याही वर जावं लागतं. समोरची काच फक्त 89 मिलिमीटरची आणि नळी वीतभर. नळीवर चंद्राचा नकाशा, त्यावरच्या फिरत्या आवरणावर ताऱ्यांचा नकाशा. ताऱ्याच्या मागे आपोआप फिरणारं यंत्र आतच बसवलेलं. सगळं एका छोट्या पेटीत मावतं. वस्तू देखणी आहे, यात वादच नाही.

मी लगेच विरोध केला. एवढ्या पैशात अभ्यासिकेचं वर्षाचं भाडं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि पंखे निघाले असते. त्यावर इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा उठला. म्हणाला, “ताई, आपल्या वाट्याला कायम उरलंसुरलंच का यावं? शाळा स्वस्तातली, दवाखाना स्वस्तातला, आता आकाशही स्वस्तातलंच? बाबासाहेब सूट घालायचे ते कुणाला विचारून?”

मी गप्प झाले. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. काटकसरीचा उपदेश नेहमी खालच्यांनाच केला जातो. आपल्या पोराने चांगला मोबाईल घेतला की गावाच्या डोळ्यात खुपतं. ‘यांना कशाला हवं एवढं भारी?’ हा प्रश्न जातीचाच असतो. मग तोच प्रश्न मी माझ्याच माणसांना विचारत होते का? म्हणून उत्तर देण्याआधी मी अभ्यासाला बसले.

दुर्बिणीचं गणित तसं सोपं आहे. किती अंधुक तारा दिसणार आणि किती बारीक तपशील उलगडणार, हे मुख्यतः समोरच्या भिंगाच्या किंवा आतल्या मोठ्या आरशाच्या व्यासावर ठरतं. व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट मिळतो. क्वेस्टारचा व्यास 89 मिलिमीटर. 130 मिलिमीटर आरशाची, टेबलावर ठेवायची साधी दुर्बीण तिच्या दुपटीहून जास्त प्रकाश गोळा करते आणि एका नव्या क्वेस्टारच्या पैशात अशा दहा सहज येतात. म्हणजे महागड्या छोट्या दुर्बिणीत आपण जास्त दिसण्याचे पैसे देत नाही. पैसे असतात ते काचकामातल्या अचूकतेचे, कमी जागेत सगळं बसवण्याचे, धक्के खाऊनही आरसे जागचे न हलण्याचे. आणि काही पैसे नावाचेही असतात. थॉर्स्टिन व्हेब्लेनने 1899 मध्ये दिखाऊ उपभोगाबद्दल लिहिलं, ते एम.ए.ला परीक्षेपुरतं वाचलं होतं. या वेळी ते खरं कळलं.

मग ती किंमत वाया जाते का? सगळ्यांचीच नाही. लहान घरात राहणारा, वारंवार प्रवास करणारा, वीस-तीस वर्षं एकच दुर्बीण सांभाळून वापरणारा माणूस असेल तर त्याच्यासाठी ती योग्य असू शकते. दुर्बीण जड म्हणून कपाटात पडून राहण्यापेक्षा छोटी, रोज बाहेर निघणारी बरी. पण हा हिशेब एका माणसाचा झाला. आमचा प्रश्न वस्तीचा होता. दुर्बिणीला डोळा लावणारे शंभर, त्यातली निम्मी लेकरं.

माझा खरा आक्षेप इथे होता. चार-पाच लाखांची वस्तू वस्तीत आली की तिचं काय होतं ते आपण ओळखतो. ती कपाटात जाते. किल्ली एका माणसाकडे जाते. वर्षातून एकदा, पाहुणे आले की ती बाहेर निघते आणि लेकरांना सांगितलं जातं, ‘लांबून पाहा, हात लावू नका.’ हे वाक्य आपण पाणवठ्यावर ऐकलं, देवळाच्या पायरीवर ऐकलं. आपल्याच अभ्यासिकेत, आपल्याच तोंडून, आपल्याच लेकरांना ते ऐकवायचं? तथागतांच्या धम्माचं एक वैशिष्ट्य ‘एहिपस्सिको’ आहे. या आणि स्वतः पाहा. ज्या साधनाला हात लावता येत नाही, त्यातून स्वतः पाहता येत नाही.

आणि सूटचा मुद्दा? बाबासाहेब सूट घालायचे हे खरं. पण त्याच बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन जुनी, वापरलेली पुस्तकं ढिगाने जमवली. सूट स्वाभिमानासाठी होता, पुस्तकं ज्ञानासाठी. पुस्तक घेताना त्यांनी आत काय आहे ते पाहिलं, कातडी बांधणी पाहिली नाही. दोन्हींत कमीपणा नव्हता.

पण स्वस्ताच्या नावाखाली भंगारही नको. दुकानात ‘525 पट मोठं दिसेल’ असं छापलेल्या खोक्यात 60 मिलिमीटरची लटपटती दुर्बीण मिळते. साधा नियम असा की व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपर्यंतच वाढ उपयोगाची, म्हणजे 60 ला 120 पट. पुढे सगळं धूसर. ही गरिबाच्या कुतूहलाची लूट आहे. एकदा अशी दुर्बीण पाहिलेलं लेकरू ‘विज्ञान आपल्यासाठी नाही’ असं समजून परत जातं.

शेवटी दात्यांनी आमचं ऐकलं. 130 मिलिमीटरच्या दोन दुर्बिणी आल्या आणि उरलेल्या पैशांत पुस्तकं. त्या मुलाला मी एक कबुलीही दिली. पहिला महिना आरसे जुळवण्यात गेला. मोटारसायकलवरून नेल्या की ते हलायचे आणि गुरू भाकरीसारखा पसरट दिसायचा. क्वेस्टारने हा त्रास दिला नसता. पण आता आठवीतल्या दोन मुली पाच मिनिटांत आरसे जुळवतात. बिघडलं तर दुरुस्त करता येतं, हेही त्या शिकल्या.

28 ऑक्टोबरला अश्विन पौर्णिमा होती. विहारात वर्षावासाची सांगता झाली आणि मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास खंडग्रास चंद्रग्रहण लागलं. चंद्राजवळच गुरू होता, चार चंद्रांसह. गॅलिलिओने 1610 मध्ये ते पाहिले तेव्हा त्याची दुर्बीण जेमतेम वीस पट मोठं दाखवायची. शेजारच्या मातंग वस्तीतल्या एक आजी रांगेत उभ्या होत्या. लहानपणी ग्रहण लागलं की त्या आईच्या मागे ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ओरडत फिरल्या होत्या. सूर्य-चंद्राला बाटवणारा राहू म्हणे त्यांच्या जातीचा. म्हणून ग्रहण सुटल्यावर जुनं लुगडं आणि शिळं अन्न त्यांच्या पदरात. आकाशालाही जात लावून ठेवली होती.

आजींनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, “एवढंच होय? सावली हाय नुसती.”

त्यांच्या हातांनी दुर्बीण हलली. चंद्र निसटला. आठवीतल्या मुलीने नळी सरकवून तो पुन्हा आणून दिला आणि कुणीही ‘हात लावू नका’ म्हणालं नाही.

रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं. त्याच्यासारख्या लेकरांना आकाश द्यायचं असेल तर दुर्बीण घेताना एकच विचारा: ही किती डोळ्यांपर्यंत पोचेल? उत्तर ‘एकाच्या’ असेल तर ती तुमच्या पैशाने खुशाल घ्या. समाजाच्या पैशाने घेताना मात्र शंभर डोळे मोजा.

जय भीम! नमो बुद्धाय!